तारेवरचं बाळंतपण

हमिंगबर्ड म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे फुलाफुलांतला मध पिणारं एक रंगीत, नाजूक पाखरू येतं. रंगीत ते आहेच. पण आमच्या मागच्या पडवीत, कपडे वाळत घालायच्या तारेवर, एका मादीने घरटं बांधून दोन पिल्लं वाढवली आणि तो सगळा संसार मी पहिल्या धाग्यापासून पाहिला. तेव्हापासून 'नाजूक' हा शब्द या पाखराला लावायला जीभ धजत नाही. पाच ग्रॅमही न भरणाऱ्या त्या देहाने घर बांधलं, अंडी उबवली, शिकारी केल्या, शत्रू हाकलले, आणि सगळं एकटीने. ते जसं झालं तसं लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

आम्ही त्रिनिदादला राहतो. कॅरिबियन बेटांच्या माळेतलं हे दक्षिणेचं टोक. सगळ्यात जवळच्या ठिकाणी व्हेनेझुएलाचा किनारा जेमतेम ११ किलोमीटरवर. नवरा सेंट ऑगस्टीनच्या विद्यापीठात शिकवतो आणि आमचं भाड्याचं घर माउंट सेंट बेनेडिक्टच्या मठाकडे चढत जाणाऱ्या रस्त्याला आहे. घरामागून नॉर्दर्न रेंजचे डोंगर सुरू होतात. अख्खं बेट पुणे जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडं लहान, पण त्यात हमिंगबर्डच्या सतराएक जाती नांदतात. देशाच्या राजचिन्हावर हमिंगबर्ड, पूर्वीच्या एक सेंटच्या नाण्यावर हमिंगबर्ड, विमान कंपनीच्या विमानांवर हमिंगबर्ड, आणि नागरी सन्मानांतही एक हमिंगबर्ड पदक. पीटर मिन्शल या इथल्या मोठ्या कलावंताचं नाव गाजलं तेही १९७४ साली लहान मुलांच्या कार्निव्हलसाठी केलेल्या हमिंगबर्डच्या पोशाखाने.

पुण्याची बहीण फोनवर हमखास म्हणते, "आमच्याही गॅलरीत येतात की हमिंगबर्ड." तिच्याकडे येतात ते शिंजीर. चूक तिची नाही, चोच वाकडी-बारीक, रंग झळाळते, फुलांवर घिरट्या, त्यामुळे कुणालाही तसंच वाटेल. पण हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून जास्त जाती आज आहेत त्या सगळ्या उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आणि आसपासच्या बेटांवर. भारतात एकही नाही. आणि हमिंगबर्डची खरी भावकी शिंजिरांशी नसून पाकोळ्यांशी आहे, त्याच त्या जुन्या वाड्यांच्या आणि पुलांच्या खाली भिरभिरणाऱ्या पाकोळ्या. फुलांतल्या मधावर जगायचं ठरवलं की अंग कसं घडतं याचं उत्तर दोन वेगळ्या घराण्यांनी दोन वेगळ्या खंडांवर स्वतंत्रपणे काढलं आणि ते बरंचसं सारखं आलं, एवढंच. गंमत अशी की तीन कोटींहून अधिक वर्षांपूर्वी हमिंगबर्डचे पूर्वज युरोपातही होते. जर्मनीत सापडलेले त्यांचे जीवाश्म गेराल्ड मायर यांनी २००४ साली जगापुढे मांडले, आणि त्यातही लांब चोच आणि घिरट्या घालायला घडलेला खांदा स्पष्ट दिसतो.

घरट्याकडे येण्याआधी मागच्या अंगणाबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय पुढचं काही झालं नसतं. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा कुंपणालगत तणाचा एक पट्टा माजलेला होता. लांब हिरव्या काड्या आणि त्यांवर एका वेळी दोन-चारच उमललेली निळी-जांभळी बारीक फुलं. इथे तिला व्हरवाईन म्हणतात. कोकणात रस्त्याच्या कडेला ही वनस्पती तुम्ही पाहिली असेल. ती मूळची इकडची, तिकडे उपरी. आपल्या घाणेरीचंही तसंच, शंकासुराचंही तसंच. माळी विळा घेऊन आला तेव्हा शेजारच्या आजी कुंपणापाशी उभ्या होत्या. त्यांचे पणजोबा गिरमिटवर, म्हणजे मजुरीच्या करारावर, ऊस तोडायला बिहारकडून या बेटावर आलेले. मराठी-हिंदी त्यांना येत नाही, पण मला त्या बेटी म्हणतात.

"बेटी, ते व्हरवाईन कापू नकोस," त्या म्हणाल्या. "ताप आला तर काढ्याला होतं, आणि कोकेट येतं त्याच्यावर."

कोकेट म्हणजे टफ्टेड कोकेट, या बेटावरचा सगळ्यात लहान हमिंगबर्ड. साडेसहा सेंटीमीटर लांबी, सव्वादोन ग्रॅमच्या आसपास वजन. नराच्या डोक्यावर तांबूस तुरा आणि मानेच्या दोन्ही बाजूंना पंख्यासारखी उघडणारी, टोकाला हिरवा ठिपका असलेली पिसं. उडताना कमरेवरचा पांढरा पट्टा तेवढा दिसतो आणि नवख्याला हमखास भुंगा वाटतो. मोठे हमिंगबर्ड त्याला चांगल्या फुलांवर टिकू देत नाहीत, साखरपाण्याच्या बाटलीकडे तर तो सहसा फिरकतच नाही. व्हरवाईनच्या एकेका फुलात मध इतका थोडा असतो की मोठ्यांना त्यासाठी भांडणं परवडत नाही. तिथे या धाकट्याचं फावतं. विळा परत गेला, पट्टा राहिला, आणि आम्ही नेमस्तपणे तो वाढवला. अरिमाच्या खोऱ्यात १९६७ साली स्थापन झालेलं आसा राइट नेचर सेंटर आहे, तिथल्या जुन्या मळ्याच्या घराचा व्हरांडा जगभरच्या पक्षिवेड्यांना ठाऊक आहे. तिथेही कोकेट पाहायचं तर बाटल्या सोडून व्हरवाईनच्या झुडपांकडे नजर लावावी लागते.

त्याच खोऱ्यात विल्यम बीब या निसर्गशास्त्रज्ञांनी उभारलेलं सिमला नावाचं संशोधन केंद्र आहे. डेव्हिड आणि बार्बरा स्नो हे पतिपत्नी तिथे राहून काम करत, आणि त्या एका खोऱ्यात कुठला हमिंगबर्ड कुठली फुलं वापरतो याचा त्यांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. मी तो नवऱ्याकडून विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मागवून वाचला. एकाच डोंगरउतारावर इतकी पाखरं एकमेकांचा घास न हिरावता कशी राहतात, कुणी झाडाच्या शेंड्याशी, कुणी झुडपात, कुणी अंधाऱ्या ओढ्याकाठी हेलिकोनियाच्या वाकड्या फुलांशी, हे वाचल्यावर आमच्या परसातली रोजची भांडणं मला वेगळीच दिसायला लागली.

भांडणं करणारी मुख्यतः एकच जात. कॉपर-रम्प्ड हमिंगबर्ड. शास्त्रीय नाव सॉसेरोटिया टोबासी, आणि त्रिनिदाद-टोबॅगोत सगळ्यात सर्रास दिसणारा हाच. चोचीपासून शेपटीपर्यंत साडेआठ सेंटीमीटरच्या घरात. डोकं, गळा, पोट सोनेरी झाक असलेलं हिरवं, पाठ खाली उतरत जाते तशी तांब्याची होत जाते, शेपूट निळसर काळी. मांड्यांवर पांढऱ्या पिसांचे दोन गोंडे, ते बसल्यावर दिसतात. नर-मादी जवळजवळ सारखे. हा पक्षी स्वतःच्या चौपट आकाराच्या पक्ष्यावरही चाल करून जातो. जास्वंद, एक्झोरा, समोरच्या टेकडीवरचा पांगाऱ्याचा इथला भाऊबंद, ज्याला इथले लोक इमॉर्टेल म्हणतात आणि जो कोकोच्या मळ्यांत सावलीसाठी लावत, जिथे म्हणून फूल तिथे त्याची मालकी.

बाटलीबद्दल थोडं, कारण विचारणारे पुष्कळ असतात. आम्ही एकच टांगतो. एक भाग पांढरी साखर, चार भाग पाणी, उकळून गार केलेलं. रंग अजिबात नाही. मध नाही, कारण पातळ केलेल्या मधात बुरशी धरते. गूळ किंवा तपकिरी साखरही नाही, त्यातलं लोह या पाखरांना बाधतं. इथल्या उकाड्यात पाणी दोन दिवसांत आंबतं, म्हणून बाटली दर दुसऱ्या दिवशी ब्रशने घासायची. हे जमत नसेल तर टांगू नये. काचेच्या बाटलीचा एक फायदा मात्र झाला, जीभ जवळून दिसली. ती नळीसारखी पाणी ओढते अशी पूर्वापार समजूत होती. २०११ साली अलेहान्द्रो रिको-गेव्हारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवून दिलं की जिभेची दोन टोकं पाण्यात शिरताच उलगडतात आणि बाहेर येताना मिटून थेंब कोंडून आणतात. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण ठाऊक झाल्यावर त्या लपलपीकडे पाहताना अंगावर शहारा येतो.

आता तार. मागच्या पडवीत भिंतीपासून खांबापर्यंत प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली तार बांधलेली आहे आणि खांबाच्या अलीकडे तिला एक जुनी गाठ आहे, कधीतरी तुटलेली तार जोडल्याची. कार्निव्हल तोंडावर आला होता. सकाळी ओले कपडे घेऊन गेले तर त्या गाठीवर कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा चिकटलेला आणि त्याला कापसाची चिमूट. मी पुसायला हात पुढे केला तेवढ्यात कानाजवळून भर्र झालं, आणि एक मादी माझ्या डोळ्यांच्या रेषेत हवेत उभी राहिली. चोचीत आणखी थोडा कापूस होता.

कपडे मी अंगणात नेले. त्या संध्याकाळी नवऱ्याने पुढच्या बाजूला नवी दोरी बांधली आणि मागच्या दाराला आतून कडी लागली. ही जात तारांवर आणि कपड्यांच्या दोऱ्यांवर घरटं करते हे मी वाचलं होतं. माणसाच्या वावरात साप आणि मोठे पक्षी कमी फिरकतात, त्याचा फायदा होत असावा असा माझा कयास. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून गाठ दोनेक मीटरवर. ओट्याशी उभं राहून सगळं दिसत होतं.

बांधकाम आठवडाभर चाललं. कापूस होता तो पांढऱ्या सावरीचा. या झाडात भुतं राहतात असं इथे मानतात, म्हणून तोडायला कुणी धजत नाही, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत त्याची बोंडं उकलली की सगळ्या खोऱ्यावर म्हाताऱ्या तरंगत जातात. ती त्या हवेतच पकडून आणायची. कोळ्याचं जाळं आणायची तऱ्हा निराळी. आमच्या पत्र्याखालच्या कोपऱ्यात ती जाळ्यासमोर घिरट्या घालत उभी राही, चोच जाळ्यात फिरवून धागा चोचीला आणि छातीला गुंडाळून घेई आणि थेट गाठीवर येई. मग ते धागे खालून तारेभोवती वळसे घालून चिकटवायची. पाया घट्ट झाल्यावर ती स्वतः मधोमध बसली आणि बांधणी आतून सुरू झाली. पायांनी कापूस तुडवायचा, छाती दाबत गोल फिरायचं, आणि काठ हनुवटी व गळ्याच्या मध्ये धरून आत वळवायचा. वाटीचा घेर तिच्या छातीच्या मापाचा झाला तो असा. शेवटी बाहेरून दगडफुलाचे करडे-हिरवे तुकडे चिकटवले. पुरी झाल्यावर वाटी बाहेरून चारेक सेंटीमीटर रुंद होती आणि ठाऊक नसेल तर तारेच्या गाठीवर शेवाळ धरलंय असंच वाटलं असतं.

या सगळ्यात नर कुठे होता? नव्हताच. हमिंगबर्डमध्ये मीलन झालं की नराचा संबंध संपतो. बहिणीच्या गॅलरीतल्या शिंजिरांचं तसं नाही. तिथे वायरीला लोंबणारी, कोळिष्टकांची नि काटक्या-सालींची पिशवी मादीच विणते, पण पिल्लं झाली की नरही चोचीत अळ्या घेऊन येतो. इथे बांधण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं एकीच्या अंगावर. आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग तू तिला पाणी-साखर कमी पडू देऊ नकोस." बाळंतिणीच्या खोलीत जसा जरा बेतानेच आवाज करतात तसा आमच्या घराचा कारभार त्या दिवसांत झाला.

अंडी दोन. दुसरं पहिल्यानंतर एका दिवसाआड आलं. ती बाहेर गेल्यावर मी काठीच्या टोकाला आरसा बांधून एकदाच पाहिली. पांढरी शुभ्र, शेंगदाण्याच्या दाण्याएवढी. पुन्हा आरसा लावला नाही, घरट्याशी आपली ये-जा वाढली की शिकाऱ्यांचं लक्ष जातं.

या जातीत उबवण्याचा काळ सोळा-सतरा दिवसांचा असतो, आणि नेमका त्यातच कार्निव्हल आला. इथल्या कार्निव्हलबद्दल ऐकून असाल. पहाटेपासून ट्रकवर भिंतींएवढे स्पीकर, खालच्या रस्त्यावरून ढोलांचा आणि स्टीलपॅनचा गजर. खिडकीच्या काचा थरथरत होत्या आणि तारही. ती बसून होती. चोच वर आभाळाकडे, शेपूट काठाबाहेर, डोळे उघडे. दिवसभरात किती तरी वेळा उठायची, पण फार थोड्या वेळासाठी. व्हरवाईन, जास्वंद, बाटली, एखादा डास, की परत. परत येताना ती तिरपी उतरत नाही. घरट्याच्या वर हवेत थांबून लिफ्ट खाली यावी तशी सरळ आत बसते, आणि उठतानाही आधी सरळ वर. इतर पक्ष्यांना हे जमत नाही कारण त्यांचा पंख वर जाताना जवळजवळ रिकामा जातो. हमिंगबर्डचा पंख खांद्यापासून उलटा फिरतो आणि वर जातानाही वजन पेलतो. साधारण तीन हिस्से भार खाली येणाऱ्या फटक्यावर आणि एक हिस्सा वर जाणाऱ्यावर, हे २००५ साली मोजलं गेलं.

मला काळजी रात्रीची होती. हमिंगबर्डचं पोट सदा हातावर असतं. अंग इतकं लहान की उष्णता भराभर निघून जाते, आणि रात्री तर खायला काही नाही. म्हणून त्यांतले पुष्कळ जण रात्री अंगाची भट्टी जवळजवळ विझवून निपचित पडतात. पेरूमधल्या अँडीज पर्वतात एका जातीच्या शरीराचं तापमान ३.३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलेलं नोंदलं आहे. पण अंड्यांवर बसलेल्या मादीला ही सोय शक्यतो वापरता येत नाही, ती गार पडली तर अंडीही गार पडणार. म्हणजे दिवसभर कमावलेलं सगळं रात्री अंड्यांना ऊब द्यायला जाळायचं आणि फटफटताच रिकाम्या पोटी निघायचं. म्हणून बाटली रात्रीच घासून भरून ठेवायची असा मी नेम केला आणि पडवीतला दिवा बंदच ठेवला. उजाडायच्या आधी, कीसकडी पक्षी ओरडायला लागायच्या सुमारास, ती बाटलीवर आलेली असायची.

घरमालकांनी याच दिवसांत निरोप धाडला, ईस्टरच्या आत घराची धुलाई, रंग आणि किडामुंगीची फवारणी उरकायची. मी त्यांना बोलावून खिडकीतून तार दाखवली. त्यांनी हात कमरेवर ठेवून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पुढची बाजू आधी करू. ही उडाली की सांगा." फवारणी मात्र पुढच्या बाजूलाही नको, हे त्यांना पटवायला वेळ लागला. आणि इथेच माझ्या सांगण्याचा गाभा आहे. हे पाखरू मध पिऊन जगतं ही अर्धीच गोष्ट. मध हे इंधन. अंग घडतं ते किड्यांवर. पिल्लांची हाडं, स्नायू, पिसं साखरेतून होत नाहीत. फवारणी झाली असती तर बाटली भरलेली असूनही पिल्लं जगली नसती.

पिल्लं निघाली ते मला तिच्या बसण्यावरून कळलं. ती आता काठावर बसून आत वाकत होती. दोन दिवसांनी खिडकीतून काळसर कातडीचे दोन गोळे दिसले, पाठीवर पिवळट लवेची एक रांग, डोळे मिटलेले, आणि चोच म्हणाल तर आखूड नि रुंद. ही लांब सुईसारखी चोच जन्मतः नसते, ती नंतर वाढते.

भरवणं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा छातीत धस्स झालं. आई काठावर बसते, चोच आभाळाकडे करते, मग ती अख्खी चोच पिल्लाच्या घशात उतरवते आणि इंजेक्शन दिल्यासारखे झटके देत अर्धवट पचलेले किडे आणि मध आत सोडते. वाटतं, आता आरपार जाणार. जात नाही. भरवून झालं की पिल्लाच्या मानेच्या बाजूला खाल्ल्याचा फुगवटा दिसतो, त्या पातळ कातडीतून आतले काळे किडे सुद्धा.

तिची शिकार मी त्या दिवसांत मनसोक्त पाहिली. चिलटांचा थवा उन्हाच्या कवडशात नाचत असला की ती त्यात शिरून हवेतल्या हवेत झेपा टाकायची. पत्र्याखाली कोळ्यांच्या जाळ्यांत अडकलेले बारीक किडे टिपायची आणि बारीक कोळी असेल तर कोळीही. मी परसाच्या कोपऱ्यात केळ्याच्या सालींची उघडी टोपली ठेवली. दोन दिवसांत फळमाश्या जमल्या आणि तिची फेरी तिकडे सुरू झाली. बाटलीपेक्षा या टोपलीचा उपयोग जास्त झाला असं माझं ठाम मत आहे. कोळिष्टकं झाडायची नाहीत ही सवय तेव्हाची. घर बांधायला धागा तिथला आणि पिल्लांना घासही तिथला.

एका दुपारी सगळं परस एकदम पेटलं. कीसकडी, निळे टॅनेजर, बनानाक्विट, सगळे कडुलिंबाच्या झाडाभोवती कल्ला करत होते. आजी कुंपणाकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "जंबी बर्ड." जंबी म्हणजे इथे भूत. हे एक टीचभर तांबूस घुबड, फेरुजिनस पिग्मी आउल, दिवसाढवळ्या शिकार करणारं. डोक्याच्या मागे पिसांत दोन काळे ठिपके असतात, त्यामुळे पाठमोरं असलं तरी डोळे रोखून पाहतंय असं वाटतं. लहान पाखरांचं ते हाडवैरी. आमची बाळंतीण घरटं सोडून त्या कल्लोळात गेली आणि घुबडाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर हवेत उभी राहून त्याच्या चेहऱ्यावर झेपा घ्यायला लागली. पुढे, मागे, बाजूने, चटचट आवाज करत. तिच्या अंगाच्या दहापटीहून जास्त त्याचं वजन. शेवटी घुबडच कंटाळून डोंगराकडे उडालं. ती परत येऊन काठावर बसली, उघड्या चोचीने धापा टाकल्या आणि लगेच चिलटांकडे निघाली.

त्याच आठवड्यात अवेळी सर आली, वाऱ्यासकट. पिल्लं आता वाटीत मावत नव्हती आणि दिवसा ती त्यांच्यावर बसतही नव्हती. पाऊस पडवीत आडवा शिरला तशी ती आली, दोघांच्या वर बसली आणि पंख काठाबाहेर पसरले. सर थांबेपर्यंत पाणी तिच्या चोचीवरून खाली घरंगळत होतं. वाटी मात्र टिकली, आणि टिकली ती त्या जाळ्याच्या धाग्यांमुळे. धागा ताणतो, तुटत नाही. पिल्लं वाढत गेली तशी वाटीची भिंत सैलावत रुंद होत गेली. बांधताना तिने दोन अंड्यांच्या मापाची केली होती, शेवटी ती दोन पुऱ्या वाढीच्या पाखरांना धरून होती.

पिल्लांची स्वच्छताही सांगते. पहिले काही दिवस सोडले तर विष्ठा घरट्यात पडत नाही. पिल्लू मागे मागे सरकतं, ढुंगण काठाबाहेर काढतं आणि पिचकारी मारतं. खालच्या फरशीवर पांढऱ्या ठिपक्यांचं वर्तुळ झालं होतं, ते मी रोज धुवायचे, मुंग्या वर चढू नयेत म्हणून. तारेच्या दोन्ही टोकांना नवऱ्याने व्हॅसलीन फासलं, तेही मुंग्यांसाठीच.

पिसांच्या काड्या फुटल्या, काड्यांतून हिरवा रंग उलगडला, चोची लांबल्या. मग पंखांची तालीम. पाय घरट्याच्या तळाला रोवून पंख इतके जोरात फडफडवायचे की सगळी तार गुणगुणायची, आणि शेजारचं भावंड दबून एका कडेला. या जातीची पिल्लं साधारण एकोणीस ते तेवीस दिवसांत घरटं सोडतात. पहिलं एका सकाळी गेलं. फडफडताना वर उचललं गेलं, क्षणभर हवेत तसंच राहिलं, आणि मग उतरायचं कुठे हे न कळल्यासारखं आजींच्या आंब्याकडे निघून गेलं. आई मागोमाग. दुसरं एक दिवस मागे राहिलं. एकट्याला सगळा घास मिळाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तेही उडालं.

उडालं म्हणजे संपलं असं नाही, हा भाग बरेच जण पाहतच नाहीत. पुढे दोनेक आठवडे आई दोघांना आंब्यात भरवत होती. ती चिक्‌चिक्‌ करत बसायची, आई त्यांच्या आवाजाचा माग काढत यायची. मधल्या वेळात पिल्लं शिकत होती. एकाने जास्वंदीच्या पानाला चोच लावली, मग लाल कपड्याच्या चिमट्याला, मग एकदाची फुलाला. दुसरं व्हरवाईनच्या पट्ट्यात शिरलं आणि बारीक फुलांवर तासभर रमलं, तेवढ्या वेळात कोकेट बिचारं कुंपणाच्या तारेवर बसून होतं.

आणि एका सकाळी तेच पिल्लू जास्वंदीवर आलं तेव्हा आईने त्याला हाकललं. जशी बनानाक्विटला हाकलते तशीच, चटचट करत, कुंपणापार. मी आत जाऊन चहा केला आणि बराच वेळ गप्प होते. पण तिच्या बाजूने पाहिलं तर त्यात नवल नाही. झुडपावरचा मध मोजका, आणि ती पुन्हा कामाला लागली होती. त्याच दिवशी तिने तारेवरच्या जुन्या वाटीतून कापूस उपसून आजींच्या आंब्यावर न्यायला सुरुवात केली. मोसमात तीन वेळापर्यंत पिल्लं काढणारी ही जात. मी घरमालकांना फोन करून मागची बाजू रंगवायला हरकत नाही असं सांगितलं, फवारणी सोडून.